सुनांचा वर्ग, सासवांचा वर्ग

बचत गटाच्या हिशेबाचं प्रशिक्षण आम्ही दोन वर्गांत घेतो. सकाळी दहावी-बारावी झालेल्या सुना, दुपारी अंगठा देणाऱ्या सासवा. परवा दोन्हीकडे गणित एकच दिलं: ५००० रुपये कर्ज, महिना २ टक्के व्याज, मुदलाचे १० हप्ते.

सुनांनी पटापट मांडलं. महिन्याला १००, म्हणजे व्याज १००० रुपये. आम्हीही घाईत तेच फळ्यावर लिहून वर्ग सोडला. कुणी हूं की चूं केलं नाही.

दुपारी चिंचोके मांडले. एक चिंचोका पाचशेचा, असे दहा. पहिला हप्ता फिटला, एक उचलला. मागून एक आजी म्हणाल्या, "उचलला त्याचं याज कशाला?"

खरंच की! व्याज उरलेल्या मुदलावर लागतं. दुसऱ्या महिन्यात ४५०० वर ९०, मग ८०, ७०, असं उतरत एकूण ५५० रुपये. सकाळच्या वह्यांत साडेचारशे जास्तीचे, आणि ते आमच्या हातून.

दुसऱ्या दिवशी सुनांपुढेही चिंचोकेच ठेवले. त्यांना लिहिता येतं, पण फळ्यावरचं खोडायला धजत नाहीत. आजींना अजून वहीतलं स्वतःचं नाव सापडत नाही, तिथे वेळ लागेल.

तुमच्या गटाची कर्जवही आज काढा. दुसऱ्या महिन्याचं व्याज पहिल्याइतकंच लिहिलंय का, ते बघा.