विंडोज ११ टाकण्याआधी पेजमेकरला विचारा

लोह्याच्या बाजारपेठेत तुळशीचं लग्न लागलं की छपाईची दोन कामं एकदम अंगावर येतात. एक लग्नपत्रिकांचं आणि दुसरं माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेचं. म्हणजे हँडबिलं, बॅनर, पावतीपुस्तकं. डीटीपीचं दुकान लोह्यातलं असो, कंधारचं असो की नांदेडच्या वजिराबादेतलं, तिथल्या एखाद्या तरी कॉम्प्युटरवर पानं मांडायचा जुना प्रोग्राम पेजमेकर सापडतोच, आणि त्यात श्रीलिपीचे नाहीतर आयएसएमचे जुने फॉन्ट. १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट थांबवला. तेव्हापासून या दुकानदारांना एकच सल्ला मिळतोय, "अकरा टाकून घ्या." सल्ला चुकीचा नाही. पण त्याच्या जोडीने काउंटरवर जे सांगितलं जातं, त्यातलं बरंचसं ऐकीव असतं.

"मशीनला अकरा चालते असं दाखवलंय, म्हणजे झालं"

मायक्रोसॉफ्टचं 'पीसी हेल्थ चेक' नावाचं छोटं ॲप आहे. ते प्रोसेसर बघतं, ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी जागा आहे का बघतं, टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट या सुरक्षेच्या सोयी आहेत का तपासतं. इंटेलच्या आठव्या पिढीच्या आधीचे बहुतेक प्रोसेसर इथेच बाद होतात. हिरवी खूण आली तर मशीन पास झालं, एवढाच तिचा अर्थ. त्या मशीनवर काय काय टाकलेलं आहे आणि ते उद्या उघडेल का, हे या ॲपचं कामच नाही. विंडोजचा सेटअप काही ओळखीच्या सॉफ्टवेअरांवर अडतो आणि तसं सांगतो, हे खरं. पण वीस वर्षांपूर्वी कुणा स्थानिक प्रोग्रामरने पतसंस्थेला लिहून दिलेला प्रोग्राम मायक्रोसॉफ्टच्या यादीत कुठून असणार? तो आपला आपणच तपासायचा.

"दहावर चालतंय, मग अकरावर का नाही चालणार?"

सगळ्यात जास्त माणसं इथे फसतात, कारण हे वाक्य बऱ्याचदा खरं असतं. नेमकं कधी खोटं ठरतं, ते समजून घ्यायला हवं.

विंडोज १० दोन प्रकारांत यायची, ३२ बिट आणि ६४ बिट. विंडोज ११ फक्त ६४ बिटमध्ये आहे. ६४ बिट विंडोजवर ३२ बिटचे प्रोग्राम चालतात. त्यासाठी आत वेगळी सोय आहे. १६ बिटचे मात्र चालत नाहीत. म्हणजे डॉसवरचे प्रोग्राम आणि विंडोज ३.१ च्या काळातले प्रोग्राम गेले. ३२ बिट विंडोज १० मध्ये एनटीव्हीडीएम नावाचा भाग चालू करता यायचा आणि त्यावर डॉसचा फॉक्सप्रो धावायचा. कमी रॅमच्या जुन्या मशीनवर ३२ बिट विंडोज टाकायची पद्धत होती. त्यामुळे शेजारशेजारच्या दोन दुकानांत 'दहा'च असते, पण एकाचा हिशेबाचा जुना प्रोग्राम अकरावर जातो आणि दुसऱ्याचा जात नाही. दोघंही आपापल्या अनुभवावरून छातीठोक सांगतात आणि दोघंही आपापल्या जागी बरोबर असतात.

आपलं काय आहे, हे बघायला मिनिटही लागत नाही. सेटिंग्जमध्ये सिस्टिम, मग अबाउट, तिथे 'सिस्टिम टाइप' लिहिलेलं असतं. मग जुना प्रोग्राम चालू ठेवून टास्क मॅनेजर उघडायचा, 'डिटेल्स'मध्ये 'प्लॅटफॉर्म'चा रकाना लावून घ्यायचा. प्रोग्रामपुढे ३२ बिट दिसलं तर आशा आहे. प्रोग्रामचं नावच सापडलं नाही आणि एनटीव्हीडीएम दिसलं, तर तो १६ बिटचा. (जाता जाता: ६४ बिट विंडोजमध्ये ६४ बिटच्या फायली 'सिस्टिम३२' फोल्डरमध्ये असतात आणि ३२ बिटच्या 'सिसवॉव६४'मध्ये. नावं उलटी वाटतात, पण तसंच आहे. 'हे जुनं ३२ दिसतंय' म्हणून काही पुसायला जाऊ नका.)

यात आणखी एक मेख आहे. नव्वदच्या दशकातले काही प्रोग्राम स्वतः ३२ बिटचे असले तरी त्यांचा सेटअप १६ बिटचा असायचा. म्हणजे टाकलेला प्रोग्राम ६४ बिटवर चालू शकतो, पण सीडीवरून नव्याने टाकता येत नाही. त्या काळच्या काही ठरावीक सेटअपना विंडोज ओळखते आणि आपल्याकडचा पर्यायी सेटअप चालवते, बाकीच्यांना नाही. म्हणून माझा स्पष्ट आग्रह आहे: जुनी सॉफ्टवेअर असलेल्या मशीनवर "फॉरमॅट मारून फ्रेश टाकतो" म्हणणाऱ्याला आधी थांबवा. ६४ बिट दहावरून अकरावर थेट अपग्रेड केलं तर टाकलेले प्रोग्राम आणि फायली जागेवर राहतात. फॉरमॅट मारलं की सीडी शोधा, सिरीयल नंबर शोधा, आणि ज्या कंपनीने ते विकलं ती चालू आहे का तेही शोधा. विंडोज ७ वरून थेट किंवा ३२ बिट दहावरून येणाऱ्यांना मात्र प्रोग्राम सोबत नेण्याचा मार्गच नाही. त्यांना सगळं नव्याने टाकावं लागतं. म्हणून त्यांनी सीड्या आधी हाताशी ठेवाव्यात.

पेजमेकर ७.० हा २००१ चा, ३२ बिटचा. तो अकरावर सहसा उघडतो. रडतो तो प्रिंट काढताना आणि पीडीएफ करताना, कारण त्याला पोस्टस्क्रिप्ट प्रिंटर आणि त्या प्रिंटरची माहिती देणारी पीपीडी फाइल लागते. अ‍ॅडोबीने त्याचा विकास केव्हाच थांबवला, त्यामुळे दुरुस्ती येण्याची वाट बघू नये. आणि जुने प्रोग्राम अडण्याचं दुखणं फक्त विंडोजवाल्यांचं आहे असंही नाही. ॲपलने २०१९ मध्ये मॅकओएस कॅटालिना आणली तेव्हा ३२ बिटचे सगळे प्रोग्राम एका रात्रीत बंद पडले. त्या मानाने मायक्रोसॉफ्ट बरीच सोशिक म्हणायची.

"कंपॅटिबिलिटी मोड लावला की काहीही चालतं"

हा मोड मुख्यतः एकच काम करतो. 'विंडोज कोणती?' असं प्रोग्रामने विचारलं की त्याला 'सात' किंवा 'एक्सपी' असं खोटं उत्तर देतो, आणि काही जुन्या सवयी सांभाळून घेतो. केवळ आवृत्तीचा नंबर बघून अडून बसणारा प्रोग्राम यावर चालू लागतो. १६ बिटचा प्रोग्राम चालत नाही, ड्रायव्हर तर नाहीच नाही.

"लॉक तर यूएसबीचाच आहे, लागतो की कुठेही"

श्रीलिपी, आयएसएम यांसारख्या पॅकेजांसोबत हार्डवेअर लॉक यायचा, ज्याला आपण डोंगल म्हणतो. तो खोचलेला नसला तर सॉफ्टवेअर उघडतच नाही. लॉक खोचता येतो हे खरं, पण तो ओळखायला ड्रायव्हर लागतो, आणि ६४ बिट विंडोजला ६४ बिटचाच, डिजिटल सही असलेला ड्रायव्हर हवा असतो. ३२ बिटचा प्रोग्राम चालतो म्हणून त्याचा ३२ बिटचा ड्रायव्हरही चालेल, हा तर्क इथे तुटतो. अकरामध्ये 'मेमरी इंटिग्रिटी' नावाचं संरक्षण असतं. जुना ड्रायव्हर सही असूनही त्याला खटकू शकतो. ते बंद करून काम भागवता येतं, पण इंटरनेट बँकिंग ज्या मशीनवर होतं त्यावर तरी मी ते करणार नाही.

प्रिंटरच्या जागेवर खोचायचे जुने पॅरलल लॉक असतील तर प्रश्न आणखी अवघड. आताच्या मशीनला तो पोर्टच नसतो, आणि बाजारात मिळणारी यूएसबीची पिन लावून असे लॉक सहसा ओळखले जात नाहीत. अपग्रेडच्या आधी लॉकवर छापलेलं कंपनीचं नाव आणि मॉडेल टिपून ठेवा आणि त्याचा ६४ बिट ड्रायव्हर निघालाय का ते शोधा.

"फॉन्ट कॉपी करून ठेवलेत, आता कसली भीती?"

मराठी दुकानाचं खरं भांडवल इथे आहे. मशीन नवं मिळतं, पेजमेकरही कुठून तरी मिळतो. पण पंधरा-वीस वर्षांच्या पत्रिका, शाळेची निकालपत्रकं, एखाद्या साप्ताहिकाचे जुने अंक यांतला मजकूर एका विशिष्ट फॉन्टच्या ओलीस असतो.

युनिकोड सर्रास व्हायच्या आधीचे हे फॉन्ट एक युक्ती करायचे. फाइलमध्ये साठवलेलं असतं इंग्रजी अक्षर किंवा चिन्ह, आणि फॉन्ट त्या जागी 'क'चा तुकडा, काना, वेलांटी असं चित्र काढतो. कोणत्या चिन्हाच्या जागी काय काढायचं, हे पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकने श्रीलिपीसाठी एक ठरवलं, सी-डॅकने आयएसएमसाठी दुसरं, आकृतीवाल्यांनी तिसरं. म्हणून तीच फाइल मोबाइलवर पाठवली की भलतंच काही दिसतं. कॉम्प्युटरच्या लेखी त्या फाइलमध्ये मराठी नाहीच.

आता फॉन्ट कॉपी करण्याबद्दल. हे जुने ट्रूटाइप फॉन्ट अकरावर टाकता येतात आणि जुनी पत्रिका उघडूनही दिसते, छापताही येते. पण मराठी उमटवणारा कीबोर्डचा थर म्हणजे फॉन्ट नव्हे. तो श्रीलिपी किंवा आयएसएम हा प्रोग्राम आहे, आणि तो त्याच लॉकवर आणि ड्रायव्हरवर अवलंबून. तो चालला नाही तर जुनी पत्रिका डोळ्यांसमोर असते आणि नवरीचं नाव बदलता येत नाही. तपासायचंच तर नुसती फाइल उघडून समाधान मानू नका, एक ओळ टाइप करून बघा.

एक सेटिंग लक्षात ठेवा. 'नॉन-युनिकोड प्रोग्राम्सची भाषा' या ठिकाणी 'बीटा: युटीएफ-८ वापरा' अशी एक चौकट असते. मराठी सुधारेल या आशेने कुणी ती टिक केली की जुने फॉन्ट वापरणाऱ्या प्रोग्राममधला मजकूर बिघडतो. ती रिकामीच ठेवायची.

"मग सगळं युनिकोडमध्ये कन्व्हर्ट करून टाकू." करा, पण तो एका क्लिकचा खेळ नाही. जुन्या फॉन्टमध्ये अक्षरं डोळ्यांना दिसतात त्या क्रमाने टाइप व्हायची: पहिली वेलांटी आधी, अक्षर नंतर, रफार अक्षराच्या आणि कान्याच्याही मागून. युनिकोडमध्ये उच्चाराचा क्रम असतो, म्हणजे वेलांटी अक्षरानंतर आणि रफाराचा 'र' अक्षराच्या आधी. कन्व्हर्टरला ही सगळी उचलाउचल करावी लागते. कच्चा कन्व्हर्टर 'आशीर्वाद'चा 'आशीवार्द' करतो. (पत्रिकांत 'आर्शीवाद' छापायला मात्र आपल्याला कधी कन्व्हर्टर लागला नाही.) म्हणून कन्व्हर्टर घेताना तो नेमका आपल्या फॉन्टचा आहे ना ते बघायचं आणि 'वऱ्हाडी', 'आशीर्वाद', 'श्रीकृष्ण', 'कार्तिकी', 'दृष्टी' असे शब्द आधी त्यातून काढून बघायचे.

शिवाय पेजमेकरला युनिकोड कळतच नाही. चिकटवलं तर प्रश्नचिन्हं येतात. म्हणजे मजकूर बदलला की प्रोग्रामही बदलणं आलं. अ‍ॅडोबीच्या इनडिझाइन सीएस६ मध्ये मराठी जोडाक्षरं नीट बसवणारी सोय आहे आणि पेजमेकर ६.० पासूनच्या फायलीही ती आवृत्ती उघडते, नंतरच्या आवृत्त्यांनी ती वाट बंद केली. ज्यांच्याकडे सीएस६ आहे त्यांनी ती काढू नये. निदान प्रत्येक महत्त्वाच्या कामाची, फॉन्ट आत बसवलेली पीडीएफ आजच्या चालू मशीनवरूनच काढून ठेवावी.

युनिकोडवाल्यांसाठी छोटीशी नोंद: विंडोज ७ मध्ये असलेला मंगल फॉन्ट नंतरच्या विंडोजमध्ये आपोआप येईलच असं नाही. 'ऑप्शनल फीचर्स'मधून देवनागरीचे पूरक फॉन्ट टाकावे लागतात. ते नसतील तर निर्मला फॉन्ट त्याची जागा घेतो, ओळी सरकतात आणि एका पानाचा अर्ज दीड पानाचा होतो.

"प्रोग्रामचं फोल्डर पेनड्राइव्हवर घेतलंय, डेटा सेफ आहे"

कदाचित नसेल. जुने प्रोग्राम आपला डेटा 'प्रोग्राम फाइल्स'मधल्या स्वतःच्याच फोल्डरमध्ये लिहायचे. विंडोज व्हिस्टापासून तिथे लिहायला सहज परवानगी नाही. प्रोग्राम अडू नये म्हणून विंडोज त्याच्या नकळत तो डेटा युजरच्या लपवलेल्या 'ॲपडेटा' फोल्डरमधल्या 'व्हर्च्युअलस्टोअर'मध्ये ठेवते. प्रोग्रामला वाटतं आपण आपल्याच घरात लिहितोय. तुम्ही 'प्रोग्राम फाइल्स'मधलं फोल्डर उचलता, तर त्यात पहिल्या दिवशीची कोरी फाइल असू शकते. फायलींची तारीख बघा. सभासदांच्या खात्याची शेवटची नोंद कालची आणि फाइलची तारीख २०१४ ची, असं दिसलं तर समजा खरा डेटा दुसरीकडे आहे.

"नाहीच जमलं तर परत दहावर येऊ"

येता येतं, पण नेहमीच्या अपग्रेडनंतर फक्त १० दिवस. त्यानंतर विंडोज जुनी आवृत्ती पुसून जागा मोकळी करते. त्या १० दिवसांत लॉक, टायपिंग, प्रिंट, पीडीएफ आणि महिनाअखेरचा रिपोर्ट, सगळं एकदा तरी चालवून बघायला हवं. ऐन लग्नसराईत हे होत नाही. पावसाळ्यातले निवांत दिवस त्यासाठी बरे.

"नकोच ती भानगड, आहे तेच राहू दे"

हाही पर्याय आहे, पण अटींवर. घरगुती वापराच्या विंडोज १० ला मायक्रोसॉफ्ट खात्याने नोंदणी करून १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळतात. दोन मशीन परवडत असतील तर जुनं मशीन पेजमेकरसाठी ठेवावं आणि त्याचं इंटरनेट काढून टाकावं. बँकेचं, ईमेलचं, सरकारी पोर्टलचं काम अकरावर करावं. एकाच मशीनमध्ये भागवायचं तर एका विंडोजच्या आत दुसरी विंडोज चालवणाऱ्या व्हर्च्युअलबॉक्ससारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये ३२ बिट विंडोज टाकून त्यात जुना प्रोग्राम चालवता येतो, यूएसबीचा लॉकही त्या आतल्या विंडोजला जोडून देता येतो. डॉसच्या प्रोग्रामांनाही तिथे जागा मिळते. इंटरनेट काढलेल्या मशीनवर व्हायरस येतो तो पेनड्राइव्हमधून. त्यामुळे गिऱ्हाइकाचा पेनड्राइव्ह थेट त्यात खोचायचा नाही. आधी अकरावाल्या मशीनवर स्कॅन करायचा आणि हवी ती फाइल दुकानाच्या वेगळ्या पेनड्राइव्हने पलीकडे न्यायची.