खुर्ची रिकामी, तरी जागा नाही

महाराष्ट्राची एस. टी. असो वा आपली कर्नाटकाची लाल बस, 'जागा नाही' या शब्दांचा अर्थ आपणा सर्वांस ठाऊक आहे. माणसे दाटीवाटीने उभी असली, तरी कंडक्टर 'सरकून घ्या' किंवा 'स्वल्प सरीरी' म्हणतो आणि आणखी चारजण आत मावतात. विमानात मात्र कधी कधी याच्या अगदी उलट घडते. आत खुर्च्या रिकाम्या असतात, प्रवाशाच्या हाती पूर्ण पैसे भरलेले तिकीट असते आणि तरीही काउंटरवरचा कर्मचारी सांगतो, "आज वजनाची मर्यादा आहे, आपल्याला नेता येणार नाही."

लहान गावांना जोडणाऱ्या लहान विमानांच्या बाबतीत हा प्रकार विशेष आढळतो. केंद्र सरकारच्या 'उडान' योजनेमुळे २०१७ पासून असे अनेक मार्ग सुरू झाले आणि २०१९ मध्ये आपल्या बेळगावचाही त्या योजनेत समावेश झाला. तेव्हा हा प्रश्न आता केवळ श्रीमंतांचा राहिलेला नाही. परीक्षेला, मुलाखतीला, दवाखान्याला जाणारी साधी माणसेही विमानाचे तिकीट काढतात. त्यांना ऐनवेळी का उतरवले जाते, आणि त्या नुकसानीचा भार कोणी सोसावा, हे पाहण्याचा मी प्रस्तुत लेखात प्रयत्न करणार आहे. मी वाणिज्य शाखेची विद्यार्थिनी आहे. त्यामुळे विज्ञानाचा भाग मला जेवढा उमगला, तेवढाच सांगते.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. माझ्या एका आतेभावाला एकदा असेच एका लहान विमानतळावर थांबवून घेतले. तो अंगाने थोडा भरलेला आहे. 'वजनामुळे' हा शब्द कानी पडताच रांगेतील लोक त्याच्याकडे पाहून हसू लागले आणि तो बिचारा ओशाळून बाजूला झाला. वास्तविक त्याच्या जागी एखादा काडीपैलवान असता, तरी त्यालाही थांबावेच लागले असते. प्रश्न असतो तो सबंध विमानाच्या वजनाचा. एका माणसाच्या देहाचा नव्हे.

आता या वजनाचा हिशेब पाहू. विमानाला वर उचलण्याचे काम पंखांवरून वाहणारी हवा करते. हवा दाट असेल तर उचलणारा जोर अधिक मिळतो, विरळ असेल तर कमी. हवा दोन कारणांनी विरळ होते : उंचीमुळे आणि उष्णतेमुळे. आपले सांबऱ्याचे विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवर आहे. एप्रिलमधील दुपारी पारा ३६ अंशांवर गेला, तर तेथील हवा समुद्रकाठच्या १५ अंश तापमानाच्या हवेपेक्षा सुमारे १५ टक्के विरळ झालेली असते. विरळ हवेत इंजिनाची ताकदही उतरते. म्हणजे विमानाला अधिक वेग घ्यावा लागतो, आणि अधिक वेगासाठी अधिक लांब धावपट्टी लागते. २०१७ मधील विस्तारानंतर सांबऱ्याची धावपट्टी २,३०० मीटर लांब झाली. एवढी लांबी हाताशी असली, की लहान विमानांची ही अडचण पुष्कळशी हलकी होते. जेथे धावपट्टी आखूड आणि जागा उंच, तेथे मात्र वजन कमी करण्यावाचून गत्यंतर नसते.

यात आणखी एक कडक अट आहे. दोन इंजिनांच्या प्रवासी विमानाने उड्डाणाचे वजन ठरवताना 'ऐन धावण्याच्या क्षणी एक इंजिन बंद पडले तर?' हा प्रश्न सोडवलेला असावा लागतो. अशा वेळी एक तर उरलेल्या धावपट्टीवर विमान थांबले पाहिजे, नाही तर एकाच इंजिनावर समोरचा डोंगर ओलांडून वर गेले पाहिजे. दोन्ही इंजिने नीट चालली असती, तर उतरवलेले प्रवासीही सुखरूप पोहोचले असते. परंतु विमानाचे गणित वाईट दिवस धरून मांडतात.

एक उदाहरण घेऊ. समजा, अठ्ठेचाळीस आसनांचे एक विमान आहे. यंत्रसामग्री व कर्मचारी धरून त्याचे वजन ११,७०० किलो. आजची उष्णता, वारा आणि धावपट्टी पाहता उड्डाणासाठी कमाल १६,५०० किलो वजनाची मुभा आहे. राहिले ४,८०० किलो. त्यात २,००० किलो इंधन. उरले २,८०० किलो. सामानासकट दर प्रवाशाचे सरासरी ९५ किलो धरले, तर २९ प्रवासी नेता येतील. तिकिटे ४० विकली गेली असतील, तर अकराजण मागे राहणार आणि विमान एकोणीस खुर्च्या रिकाम्या ठेवून उडणार! आता असे समजा, की उतरण्याच्या गावी धुके किंवा मुसळधार पाऊस आहे. मग दुसऱ्या विमानतळापर्यंत जाता यावे म्हणून ३०० किलो इंधन जास्त घ्यावे लागते. लगेच २९ चे २६ होतात. आपल्या गावी लख्ख ऊन पडलेले असताना प्रवासी का उतरवला, याचे उत्तर पुष्कळदा दूरच्या गावच्या आभाळात असते.

हे आकडे मी समजुतीसाठी घेतले आहेत. परंतु शिमल्याची हकीकत खरी आहे. शिमल्याजवळील जुब्बरहट्टीचे विमानतळ सुमारे १,५०० मीटर उंचीवर, डोंगराचा माथा कापून केलेले आहे. धावपट्टी सव्वा किलोमीटरच्या आसपास, आणि तिच्या टोकाला दरी. २७ एप्रिल २०१७ रोजी 'उडान' योजनेतील पहिले विमान याच विमानतळावरून दिल्लीस निघाले. विमान अलायन्स एअरचे, ए.टी.आर. ४२ जातीचे. मात्र येताना पस्तीसच्या आसपास प्रवासी आणता येतात आणि निघताना जेमतेम पंधरा नेता येतात, असे त्या वेळी वर्तमानपत्रांतून प्रसिद्ध झाले होते. म्हणजे निघताना निम्म्याहून अधिक खुर्च्या विमानात असूनही विकण्याजोग्या नव्हत्या.

कोणी म्हणेल, थोडे वजन जास्त झाले तर काय बिघडते? याचे उत्तर अमेरिकेतील शार्लट शहरात ८ जानेवारी २००३ रोजी मिळाले. एअर मिडवेस्ट कंपनीचे एकोणीस आसनी विमान उड्डाण करताच कोसळले आणि आतील सर्व एकवीसजण मृत्युमुखी पडले. शेपटीच्या नियंत्रणाची तार दुरुस्तीच्या वेळी चुकीची जुळवली होती, हे एक कारण. आणि विमानाचे वजन व तोल मर्यादेबाहेर होता, हे दुसरे. कागदावरचा हिशेब बरोबर होता. पण तो सरासरी वजनांवर मांडलेला होता, आणि प्रत्यक्षात विमान सुमारे ५८० पौंडांनी जड होते. पुढे तेथील सरकारी विभागाने लहान विमानांच्या प्रवाशांना खरोखरच काट्यावर उभे करून पाहिले, आणि गृहीत धरण्याची सरासरी वाढवली.

संख्याशास्त्राचा पेपर ज्यांनी दिला आहे, त्यांना यातील मर्म लगेच कळेल. एकशे ऐंशी माणसांत काही जाड, काही बारीक, असे होऊन सरासरी सांभाळली जाते. एकोणीस माणसांत ती सांभाळली जाईलच असे नाही. शिवाय लहान विमानात दोनचार माणसे पुढची मागे बसली, तरी तोल बदलतो. म्हणून मोठ्या विमानात जे खपून जाते, ते लहान विमानात खपत नाही. सामोआ एअर या चिमुकल्या कंपनीने तर २०१३ मध्ये प्रवाशांना दर किलोमागे भाडे आकारण्यास आरंभ केला होता. जगभर त्याची थट्टा झाली. पण तिची विमाने पाहता त्यात हिशेबाची चूक नव्हती.

येथवरचे सारे निसर्गाचे नियम झाले. त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही. वैमानिकाने 'एवढेच वजन' म्हटले, की तो शब्द अखेरचा, आणि तो तसाच असला पाहिजे. परंतु विमान कंपनीच्या कचेरीत जे घडते, त्याला निसर्गाचा नियम म्हणता येत नाही. तेथे आपल्या शाखेचा विषय सुरू होतो.

परिव्यय लेखांकनात आपण 'मर्यादित घटक' शिकतो. कारखान्यात यंत्रे पुष्कळ असली, पण कच्चा माल थोडा असला, तर उत्पादनाचा आराखडा कच्च्या मालावरून आखावा लागतो. यंत्रे मोजून नव्हे. लहान विमानात आसने ही यंत्रे आहेत आणि किलो हा कच्चा माल आहे. कंपनी विकते आसन, पण वाहून नेते किलो. मे महिन्याच्या दुपारी शिमल्यात ऊन असते, हे कंपनीला जानेवारीत ठाऊक असते. धावपट्टीची लांबी तर रोज तीच असते. मग जी अडचण महिनोन्‌महिने आधी दिसते, तिला 'ऐनवेळची अडचण' कसे म्हणावे? ऊन थोडे कमी पडेल, काही प्रवासी येणारच नाहीत, अशा आशेवर जादा तिकिटे विकली, तर तो सरळसरळ व्यापारातील धोका आहे. आशा खरी ठरली तर नफा कंपनीचा. खोटी ठरली तर तोटा मात्र प्रवाशाचा. ही वाटणी न्याय्य नाही.

कायदा याबाबत काय म्हणतो? आपल्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या २०१६ मध्ये लागू झालेल्या नियमांनुसार, पक्के तिकीट असलेल्या प्रवाशाला जागेअभावी नाकारण्यापूर्वी कंपनीने स्वखुशीने थांबणारे कोणी आहे का, हे विचारावयाचे असते. सक्तीने मागे ठेवलेल्या प्रवाशाची एका तासाच्या आत सुटणाऱ्या दुसऱ्या विमानात सोय झाली, तर भरपाई नाही. चोवीस तासांच्या आत झाली, तर मूळ भाडे व इंधन आकार यांच्या दुप्पट, कमाल १०,००० रुपये. त्याहून उशीर झाला तर चौपट, कमाल २०,००० रुपये. हे नियम प्रामुख्याने जादा तिकीटविक्री डोळ्यांपुढे ठेवून केलेले आहेत. 'वजन' म्हटले की काउंटरवर सुरक्षिततेची ढाल पुढे येते आणि भरपाईची गोष्ट तेथेच थांबते. अमेरिकेत तर नियमच असा आहे, की साठ किंवा त्यांहून कमी आसनांच्या विमानात सुरक्षिततेसाठी वजन वा तोल सांभाळण्याकरिता प्रवासी मागे ठेवला, तर भरपाई देणे बंधनकारक नाही. म्हणजे ज्या विमानांत हा प्रकार अधिक संभवतो, तेथेच प्रवासी उघडा!

यावर उपाय नाही असे नाही. ज्यूलियन सायमन या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९६० च्या दशकात एक साधी कल्पना मांडली होती. जागा कमी पडल्या तर कोणाला सक्तीने उतरवू नका. किती पैसे दिले तर थांबाल, असे प्रवाशांनाच विचारा. ज्याला घाई नाही, तो पैसे घेऊन आनंदाने थांबेल. प्रथम लोकांनी ती हसण्यावारी नेली. परंतु १९७८ मध्ये अमेरिकन सरकारने आधी स्वयंसेवक विचारण्याचा नियम केला. वजनाच्या बाबतीतही हा मार्ग चालतो. जुलै २०२३ मध्ये लान्सारोटे बेटावरून लिव्हरपूलला निघालेले इझीजेटचे विमान उष्णता, वारा आणि आखूड धावपट्टी यांमुळे जड ठरले. वैमानिकाने स्वतः प्रवाशांपुढे येऊन कारण समजावून सांगितले, थांबणाऱ्यांना ५०० युरोपर्यंत रक्कम देऊ केली, आणि एकोणीसजण आपणहून उतरले. विमान तर मोठे होते. पण जे तेथे जमले, ते लहान विमानात जमू नये असे काही कारण दिसत नाही.

माझ्या अल्पमतीप्रमाणे तीन गोष्टी कराव्यात. ज्या मार्गावर वजनाची मर्यादा नेहमीची आहे, तेथे तसे तिकिटावर मराठी, कन्नड, हिंदी अशा प्रवाशाच्या भाषेत छापावे. उन्हाळ्याच्या दिवसांत विक्रीची संख्या आसनांवरून न ठरवता किलोंवरून ठरवावी. आणि तरीही कोणाला थांबवावे लागले, तर प्रथम स्वखुशीने थांबणाऱ्यास योग्य रक्कम द्यावी. कोणीच तयार नसेल, तर सक्तीने थांबवलेल्यास लेखी कारण व भरपाई, दोन्ही मिळावीत. यामुळे तिकीट थोडे महागेल, हे मला मान्य आहे. 'उडान'मध्ये तासाभराच्या प्रवासाला सुरुवातीस २,५०० रुपयांची मर्यादा घालून निम्म्या जागा राखल्या होत्या आणि कंपनीची तूट भरून काढण्यासाठी मोठ्या मार्गांवरील उड्डाणांवर आकार बसवला होता. जनतेच्या पैशातून तूट भरून निघते, तेव्हा मागे राहिलेल्या प्रवाशाची तूटही त्या हिशेबात धरली जावी, ही अपेक्षा अवास्तव नाही.

वाचकांपैकी कोणावर असा प्रसंग आला, तर वैमानिकाशी किंवा काउंटरवरच्या मुलीशी भांडू नये. वजनाची मर्यादा त्यांनी घातलेली नसते. मात्र तीन गोष्टी शांतपणे विचाराव्यात : आज किती प्रवासी नेता येणार होते, तिकिटे किती विकली, आणि स्वखुशीने कोणी थांबते का हे विचारले काय? उत्तर लेखी मागावे. त्या दिवशी कदाचित विमान मिळणार नाही. पण तक्रार करताना हातात कागद असेल.