बोया : पाण्यावरची सही

कोकणातल्या मासेमारीबद्दल लिहिताना लेखकांचे लक्ष होडीकडे जाते, जाळ्याकडे जाते, नारळी पौर्णिमेच्या मिरवणुकीकडे जाते. समुद्रात टाकलेले जाळे नेमके कुठे आहे, हे रात्रभर सांगत राहणाऱ्या तेलाच्या रिकाम्या कॅनकडे मात्र सहसा जात नाही. संध्याकाळी जाळे सोडून परतलेला मच्छीमार पहाटे पुन्हा जातो, तेव्हा त्याच्यासमोर असते ते सगळीकडे सारखे दिसणारे पाणी. त्या पाण्यावर त्याची एकच खूण असते. ती म्हणजे बोया.

मी आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवले. निवृत्तीनंतर मालवण ते वेंगुर्ला या पट्ट्यात फिरून लहान मच्छीमारांच्या हातच्या वस्तू पाहण्याचा, मोजण्याचा आणि जमेल तशा करून बघण्याचा नाद लागला. त्यांतली सर्वांत स्वस्त वस्तू बोया. ती कशी करतात, का तरंगते आणि कशामुळे फसते, हे या लेखात मांडायचे आहे. तसे करताना एक प्रश्न सतत समोर राहिला. ज्या वस्तूला जवळजवळ पैसेच पडत नाहीत, तिच्यावर हजारो रुपयांचे जाळे का सोपवले जाते?

भोपळा, पांगारा, बूच, काच

‘बोया’ हा शब्द पोर्तुगीज ‘बोइआ’शी जुळतो. वस्तू मात्र पोर्तुगिजांच्या कितीतरी आधीची. पहिल्या शतकातला रोमन ग्रंथकार प्लिनी बुचाच्या झाडाबद्दल लिहिताना सांगतो, की त्याची साल नांगराच्या दोरांना आणि मासेमारांच्या जाळ्यांना उपयोगी पडते. नॉर्वेत १८४० च्या दशकात काचेचे पोकळ गोळे जाळ्यांना बांधू लागले. पुढे जपाननेही ते उचलले. तिकडे सुटलेले गोळे पॅसिफिक ओलांडून अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याला लागत, आणि आज लोक ते शोभेसाठी जमवतात.

आपल्याकडे बूच नव्हते. पांगाऱ्याचे हलके लाकूड होते आणि वाळवलेला भोपळा होता. या दोन्हींची ओळख घाटावरच्या वाचकालाही असेल. विहिरीत पोहायला शिकणाऱ्या पोराच्या पाठीला भोपळा, पांगाऱ्याचा ओंडका किंवा झाळून बंद केलेला पत्र्याचा डबा बांधत असत. तेच तत्त्व जाळ्याच्या कामी आले. उत्तरेकडे, वसई-सातपाटीच्या बाजूला, प्रवाहात उभ्या राहणाऱ्या डोल जाळ्याला मोठी लाकडी पिंपे बांधत. आता त्यांची जागा प्लॅस्टिकच्या पिंपांनी घेतली आहे. लहान जाळ्यांसाठी खाद्यतेलाचा कॅन आला आणि भोपळा निवृत्त झाला.

पाच लिटरचा हिशेब

आर्किमिडीजचा नियम आपण पाठ केलेला असतो. बोया बांधताना तो रुपयांत मोजावा लागतो. समुद्राचे एक लिटर पाणी साधारण १.०२५ किलो भरते. म्हणजे पाच लिटरचा बंद कॅन पूर्ण पाण्याखाली दाबला तर तो सुमारे ५.१ किलो पाणी बाजूला सारतो. कॅनचे स्वतःचे वजन धरा २०० ग्रॅम. उरलेले ४.९ किलो हे त्याचे बळ. यातले निम्मेच वापरायचे आणि निम्मे लाटेसाठी शिल्लक ठेवायचे, असा साधा दंडक धरावा. शांत पाण्यात गळ्यापर्यंत बुडालेला बोया पहिल्याच उधाणात दिसेनासा होतो.

कॅन कोणता घ्यावा, याचेही शास्त्र आहे. तेलाचा जाड, दुधाळ कॅन ज्या प्लॅस्टिकचा असतो, ते पाण्यापेक्षा किंचित हलके असते. तो फुटला तरी त्याचे कवच तळाला जात नाही. पिण्याच्या पाण्याची पारदर्शक बाटली वेगळ्या प्लॅस्टिकची, पाण्यापेक्षा जड. भोक पडले की बुडते. तरीही बाटल्यांचा एक चांगला उपयोग होतो. जुन्या जाळ्याच्या तुकड्याची पिशवी शिवून तीत एकेक लिटरच्या दहा बाटल्या कोंबल्या, की एखादी फुटली तरी बाकीच्या नऊ काम करतात. एका मोठ्या कॅनमध्ये ही सोय नाही. कीटकनाशकाचा कॅन मात्र कितीही धुतला तरी घेऊ नये. तो ज्या हातांनी बांधायचा, त्याच हातांनी मासळी हाताळायची असते.

कॅन बहुधा दोन ठिकाणी दगा देतो. पहिले ठिकाण झाकण. उन्हात आतली हवा प्रसरण पावते, थंड पाण्यात आकसते, आणि आकसताना झाकणाच्या फटीतून पाणी ओढून घेते. सायकलच्या ट्यूबची चकती कापून झाकणाखाली बसवली आणि वरून एम-सील लावले, तर हा प्रश्न मिटतो. दुसरे ठिकाण मूठ. दोर नुसता मुठीला बांधला, तर सततच्या हिसक्यांनी ती तडकते. म्हणून दोर आधी गळ्याभोवती घ्यायचा आणि मग मुठीतून काढायचा. उन्हाने प्लॅस्टिक ठिसूळ होते, ते वेगळेच. नखाने दाबल्यावर पांढरी रेघ उमटून चीर पडू लागली, की कॅन बदलण्याची वेळ झाली.

काठीचा बोया

नुसता कॅन जवळून दिसतो. दोन लाटांच्या मधल्या खोलगटात तो गडप होतो. म्हणून जाळ्याच्या टोकांना काठीचा बोया लावतात. बांबू, मध्ये कॅन, खाली वजन, वर बावटा. दिसायला सोपा, पण अनेकदा तो पाण्यावर आडवा पडलेला दिसतो. याचे कारण मी घरी हिशेबाने आणि मग खाडीत प्रत्यक्ष तपासले.

तीन मीटरचा, दोन किलोचा बांबू घ्या. पाच लिटरचे दोन कॅन बरोबर मध्यावर, दोन्ही बाजूंनी बांधा. खालच्या टोकाला डब्यात ओतलेले तीन किलो सिमेंट-काँक्रीट. पाण्यात त्याचे वजन सुमारे १.७ किलोच भरते. वर बावटा आणि त्याची काडी मिळून ३०० ग्रॅम. आता कॅनला सी-सॉचा मध्य समजा. वरच्या दीड मीटर बांबूचे एक किलो वजन सरासरी पाऊण मीटरवर, आणि बावट्याचे ३०० ग्रॅम दीड मीटरवर. दोन्हींचा गुणाकार करून बेरीज १.२ येते. खाली १.७ किलो दीड मीटरवर, म्हणजे २.५५. पाण्यातल्या बांबूचे वजन जवळजवळ पाणीच पेलते, म्हणून ते सोडून द्या. खालची बाजू दुपटीने भारी, म्हणून काठी उभी राहते.

आता बावटा लांबून दिसावा म्हणून कॅन अर्धा मीटर खाली सरकवा. वर दोन मीटर बांबू आला. १.३३ किलो एक मीटरवर आणि ३०० ग्रॅम दोन मीटरवर मिळून १.९३. खाली मात्र १.७ किलो एकाच मीटरवर. काठी आडवी. बावटा उंच करण्याच्या हौसेने बोया झोपतो तो असा. उंची हवी असेल तर आधी खालचे वजन वाढवावे लागते.

बावट्याच्या रंगाबद्दल माझी समजूत भडक लाल-नारिंगीची होती. पाहणीत दिसले ते असे, की समोरून ऊन चमकत असताना सगळे रंग काळेच दिसतात; अशा वेळी काळे फडके सर्वांत ठळक उठते. म्हणून पुष्कळजण एका टोकाला काळा आणि दुसऱ्याला लाल किंवा नारिंगी बावटा लावतात. पांढरा रंग निरुपयोगी, कारण समुद्रावर फेस आणि कचरा दोन्ही पांढरेच.

दोराची लांबी

बोया चांगला असून हरवतो, तेव्हा दोष बहुधा दोराचा असतो. मालवणकडे उधाणाला पाणी दोन-अडीच मीटर चढते-उतरते. मुंबईकडे मोठ्या उधाणाला हा फरक साडेचार-पाच मीटरपर्यंत जातो. ओहोटीच्या वेळी तळ मोजून तेवढाच दोर सोडला, तर भरतीत बोया पाण्याखाली ओढला जातो. पाण्याखाली दहा मीटरवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट होतो. पोकळ कॅन तिथे चेपतो, त्याचे आकारमान घटते, तसे त्याचे बळही घटते. मग तो स्वतःहून वर येईल याची खात्री राहत नाही.

म्हणून पाण्याच्या खोलीच्या दीडपट दोर, हा धोपट हिशेब. पण मग ओहोटीला दोर सैल पडतो. प्लॅस्टिकचा स्वस्त दोर पाण्यावर तरंगतो आणि येणाऱ्या-जाणाऱ्या होडीच्या पंख्यात गुंडाळला जातो. नायलॉनचा दोर बुडतो, पण महाग. यावर उपाय सोपा आहे: बोयापासून तीन-चार मीटर खाली दोराला मूठभर दगड बांधायचा, म्हणजे सैल भाग पाण्याखाली लोंबत राहतो. तळाच्या धोंड्यासाठी जांभ्यापेक्षा काळा दगड बरा. काळा दगड पाण्यात आपले एक-तृतीयांशाहून थोडे जास्त वजन गमावतो. सच्छिद्र, हलका जांभा त्याहून बराच जास्त.

स्वस्ताईमागचे शहाणपण

बाजारात कारखान्यात बनलेले, फेसाने भरलेले, पक्क्या रंगाचे बोये मिळतात. ते का घेत नाहीत, असे मी एका वयस्क तांडेलांना विचारले. ते हसून म्हणाले, “मास्तरांनू, चांगलो बोयो लावलो तर आधी बोयोच जाता. मगे जाळा खंय शोधतल्यात?”

या उत्तरात मला माझ्या प्रश्नाचा पहिला अर्धा भाग सापडला. बोया मालकाला वाट दाखवतो, तशीच चोरालाही. तेलाचा मळका कॅन कोणी चोरत नाही. तो सुटला तर जीव हळहळत नाही, आणि दुसरा संध्याकाळपर्यंत तयार होतो. शिवाय प्रत्येक घराची बांधणी वेगळी. कोणाची गाठ विशिष्ट, कोणाच्या कॅनला हिरव्या रंगाचा पट्टा, कोणाच्या काठीवर जुन्या साडीचा काठ. गावातल्या लोकांना नाव न वाचता मालक कळतो. ही पाण्यावरची सहीच आहे.

पण सही ओळखणारे गावातलेच. लांबून आलेल्या ट्रॉलरला तो पट्टा वाचता येत नाही. लहान आणि मोठ्या मासेमारीची क्षेत्रे ठरवता यावीत म्हणून महाराष्ट्राने १९८१ साली सागरी मासेमारी नियमन कायदा केला. तरी रात्री कोणाचे जाळे कापले गेले, हे सिद्ध करायला तुटका कॅन पुरावा म्हणून उभा राहत नाही. प्रश्नाचा दुसरा अर्धा भाग इथे सुरू होतो.

हरवलेले जाळे मासे धरतच राहते

सुताची जाळी सुटली तर कुजून जात. नायलॉन आल्यापासून तसे होत नाही. बोया तुटला, जाळे सापडले नाही, तरी ते पाण्यात वर्षानुवर्षे मासे, खेकडे अडकवत राहते; त्यांना काढायला कोणी येत नाही. वेळास-आंजर्ल्याच्या वाळूत अंडी घालायला येणारी ऑलिव्ह रिडले कासवेही अशा जाळ्यांत सापडतात. दुर्मीळ सागरी जीव सोडवताना जाळे कापावे लागले, तर मच्छीमाराला २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई देण्याची योजना राज्याने २०१८ मध्ये आणली. योजना चांगली आहे. पण ती हातात असलेल्या जाळ्यासाठी आहे. हरवलेल्या जाळ्यातल्या कासवाला सोडवणारा कोणी नसतो.

त्याच २०१८ साली जागतिक अन्न व कृषी संघटनेच्या मत्स्यव्यवसाय समितीने मासेमारीच्या साधनांवर खुणा करण्याची ऐच्छिक मार्गदर्शक तत्त्वे मान्य केली. साधन कोणाचे आणि कुठे आहे, हे पाहणाऱ्याला कळावे, हा त्यांचा गाभा. महाराष्ट्राने थर्माकोलच्या ताटवाट्यांवर बंदी आणली तीही त्याच वर्षी. उघडा थर्माकोल बोया म्हणून वापरला तर तो लाटांनी झिजून दाण्यादाण्याने समुद्रात पसरतो. तो वापरायचाच तर बंद कॅनच्या आत, तुकडे करून भरावा. मग झाकण गळले तरी कॅन बुडत नाही.

म्हणून माझे म्हणणे असे, की घरगुती बोया स्वस्तच राहावा. मात्र त्यावर चार गोष्टींची भर घालावी. होडीचा नोंदणी क्रमांक कॅनवर तापल्या खिळ्याने कोरावा, कारण रंग उडतो, कोरलेले राहते. गळ्यापाशी सायकलच्या दिव्यामागे लावतात तशी चमकणारी पट्टी गुंडाळावी, म्हणजे रात्री बॅटरीच्या झोतात ती उठते. महिन्यातून एकदा कॅन आणि दोरावरचे शेवाळ, शिंपले खरवडावेत, कारण त्यांचे वजन बोयाच्या शिलकी बळातून वजा होते. आणि हंगाम संपला की ठिसूळ कॅन भंगारात द्यावा, पाण्यात सोडू नये.

या चारही गोष्टींचा खर्च मिळून एका चहा-वड्याएवढा येईल. त्यांतली पहिली मला सर्वांत महत्त्वाची वाटते. गावापुरती असलेली सही क्रमांक कोरल्यावर परक्यालाही वाचता येते. सापडलेले जाळे मग मालकाला परत जाऊ शकते, कापलेल्या जाळ्याची तक्रार उभी राहू शकते, आणि आपले जाळे शोधून काढण्याची जबाबदारीही त्या क्रमांकाबरोबर मालकाच्या घरी येते.