जलपर्णी काढली तरी परत का येते?

पावसाळा सरतो, विष्णुपुरी प्रकल्पाचे दरवाजे बंद होतात आणि नांदेड शहरालगत गोदावरीचा प्रवाह मंदावत जवळजवळ थांबतो. नगीना घाट, बंदाघाट, गोवर्धन घाट या परिसरात थंडीच्या दिवसांत तुरळक दिसणारी हिरवी बेटे उन्हाळ्याच्या तोंडावर एकमेकांना भिडतात. जांभळी फुले येतात, बाहेरगावचे भाविक छायाचित्रे काढतात आणि मासेमारी करणाऱ्यांच्या नावा काठाला लागतात. मग मजूर, नावा, पोकलेन लावून मोहीम निघते. पात्र मोकळे होते. काही आठवड्यांनी पुन्हा हिरवे होते. जलपर्णीचे हे चक्र पुणे, कोल्हापूर, नागपूर येथील नागरिकांच्याही परिचयाचे आहे. मात्र मराठवाड्यात पाणीच मुळात मोजके असल्याने त्याची किंमत अधिक मोजावी लागते.

जलपर्णी ही मूळची दक्षिण अमेरिकेतील ॲमेझॉन खोऱ्यातील वनस्पती. फुलांच्या सौंदर्यामुळे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ती शोभेचे झाड म्हणून बंगालमध्ये आली आणि काही दशकांतच तिने तेथील नद्या, भातखाचरे व जलमार्ग अडवले. तिच्या निर्मूलनासाठी बंगालमध्ये १९३६ साली स्वतंत्र कायदा करावा लागला. कायद्याने ती संपली नाही, हे वेगळे सांगायला नको.

दुपटीचा हिशेब

जलपर्णी बियांपासून वाढते, पण तिची खरी ताकद धुमाऱ्यांत आहे. एका रोपाच्या बुडातून आडवा धुमारा फुटतो, त्याच्या टोकाला नवे रोप तयार होते आणि ते तुटून वेगळे होते. ऊब आणि खत मिळाले, तर साधारण दोन आठवड्यांत तिने व्यापलेले क्षेत्र दुप्पट होते. फेब्रुवारीच्या आरंभी एक एकरावर असलेली जलपर्णी याच वेगाने वाढत राहिली, तर मेअखेरपर्यंत आठ वेळा दुप्पट होते, म्हणजे अडीचशे एकरांवर जाते.

मोहिमा का फसतात, याचे उत्तर याच हिशेबात आहे. पूर्ण भरलेल्या पात्रातून ९५ टक्के जलपर्णी काढली, तर काम फत्ते झाले असे कोणालाही वाटेल. पण उरलेली पाच टक्के दोन आठवड्यांत दहा, महिन्यात वीस, दीड महिन्यात चाळीस आणि दोन महिन्यांत ऐंशी टक्के होते. त्यामुळे यंत्राने मोठा भाग उचलल्यानंतर कडेच्या लव्हाळ्यांत, घाटांच्या कोपऱ्यांत आणि नाल्यांच्या मुखाशी अडकलेली रोपे हाताने वेचणे हाच कामाचा महत्त्वाचा भाग ठरतो. कंत्राटात तो बहुधा शेवटी येतो आणि घाईत उरकला जातो. शिवाय मोहीम एप्रिल-मेमध्ये, ओरड झाल्यावर सुरू होते. तेच काम नोव्हेंबर ते जानेवारीदरम्यान, वाढ मंद असताना केले, तर उचलायचा माल कितीतरी कमी भरेल.

उचललेल्या जलपर्णीत सुमारे ९५ टक्के पाणीच असते. शंभर टन माल वाहून नेला, तरी त्यात कोरडा भाग जेमतेम पाच टन. म्हणून ती काठावरच टाकली जाते. तेथे ती कुजते आणि पहिल्या जोरदार पावसात तिच्यातील खत पुन्हा पाण्यात उतरते. बियांचा प्रश्न आणखी निराळा. गाळात त्या पंधरा-वीस वर्षे जिवंत राहू शकतात. पात्र आटले, गाळ उघडा पडला आणि पुन्हा उथळ पाणी आले, की त्या रुजतात.

खत शहरातूनच

वनस्पती वाढायला प्रामुख्याने नत्र आणि स्फुरद लागते. पाण्यात वाढीला लगाम घालतो तो बहुतेक वेळा स्फुरदाचा तुटवडा. कॅनडातील एका सरोवराच्या अरुंद भागात पडदा लावून १९७३ साली शास्त्रज्ञांनी त्याचे दोन भाग केले. एका भागात कर्ब व नत्र टाकले, दुसऱ्यात त्यासोबत स्फुरदही. स्फुरद पडलेला भाग शेवाळाने हिरवा झाला. पडद्यापलीकडचा स्वच्छ राहिला. विमानातून घेतलेले त्याचे छायाचित्र आजही विद्यार्थ्यांना दाखवले जाते.

माणसाच्या मलमूत्रातून आणि धुण्याच्या पावडरमधून दर माणशी दररोज साधारण दीड ते दोन ग्रॅम स्फुरद सांडपाण्यात जाते. २०११ च्या जनगणनेनुसार नांदेडची लोकसंख्या साडेपाच लाख होती. त्या हिशेबाने शहराचे स्फुरद दिवसाला आठशे किलोंच्या पुढे जाते. ते सगळेच नदीत पोचत नाही; पण एक किलो स्फुरदावर काही टन ओली जलपर्णी पोसू शकते, हे लक्षात घेतले तर थोडा वाटाही पुरेसा आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या यादीत नाशिकच्या सोमेश्वर मंदिरापासून नांदेड जिल्ह्यातील राहेरपर्यंतचा गोदावरीचा पट्टा सर्वाधिक प्रदूषित गटात होता. म्हणजे विष्णुपुरीत येणारे पाणीही आधीच खत घेऊन येते. त्यात शेतातून वाहून आलेल्या रासायनिक खतांची भर पडते.

सांडपाणी प्रक्रिया केंद्र उभारले की प्रश्न मिटेल, ही समजूतही अर्धवट आहे. नेहमीच्या पद्धतीची केंद्रे सेंद्रिय घाण कुजवून कमी करतात. विरघळलेल्या स्फुरदाचा मोठा भाग त्यातून तसाच पुढे जातो. तो काढण्यासाठी तुरटी किंवा लोहक्षार वापरण्याचा जादा टप्पा लागतो. अमेरिकेत सिॲटल शहराने १९६० च्या दशकात आपले सांडपाणी लेक वॉशिंग्टनमध्ये सोडणे टप्प्याटप्प्याने बंद केले. त्यानंतर काही वर्षांतच तलावाचे पाणी नितळ झाले. तेथे कोणी शेवाळ काढत बसले नव्हते.

लातूरची चिंता वेगळी

लातूर शहराची तहान भागवणारा मांजरा प्रकल्प बीड जिल्ह्यातील धनेगाव येथे आहे. त्याची एकूण क्षमता २२४ दशलक्ष घनमीटर असली, तरी त्यातील सुमारे ४७ दशलक्ष घनमीटर हा मृतसाठा. एप्रिल २०१६ मध्ये धरण कोरडे पडले आणि मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, हे लातूरकर विसरलेले नाहीत. धरण पूर्ण आटते त्याच्या आधी एक टप्पा येतो. पाणी उथळ, उबदार आणि स्थिर होते, साठा घटल्याने त्यातील क्षार व खत दाट होत जाते. शेवाळाला याहून चांगले दिवस नाहीत.

येथे संकट डोळ्यांना जलपर्णीइतके दिसत नाही. निळे-हिरवे शेवाळ सूक्ष्म असते. नळाला मातकट वास येऊ लागतो तो त्याच्या काही प्रकारांतून निघणाऱ्या द्रव्यांमुळे. हा वास त्रासदायक असला, तरी अपायकारक नसतो. मात्र यातील मायक्रोसिस्टिससारखे प्रकार यकृताला घातक विष तयार करू शकतात आणि ते पाणी उकळून नष्ट होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने कायम पिण्याच्या पाण्यासाठी या विषाची मर्यादा लिटरला एक मायक्रोग्रॅम ठरवली आहे. वासावरून विष ओळखता येत नाही. त्यासाठी प्रयोगशाळेतच तपासणी करावी लागते.

मोरचूद टाकणे हा यावरचा जुना आणि स्वस्त उपाय. पण तो वेळेवर केला तरच उपाय. शेवाळ दाट झाल्यावर मोरचूद मारले, तर पेशी फुटतात आणि आतले विष एकदम पाण्यात मोकळे होते. मेलेले शेवाळ कुजताना प्राणवायू ओढून घेते व मासे मरतात. तांबे मात्र गाळात साठत जाते. पिण्याच्या साठ्यावर तणनाशक फवारण्याचा मोहही याच कारणाने आवरावा लागतो: जलपर्णी मरते, बुडते, कुजते आणि पुढच्या पिकाचे खत होते.

किडे आणि मासे

जलपर्णीचा नैसर्गिक शत्रू भारतात आहे. बेंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेने १९८० च्या दशकाच्या आरंभी निओकेटिना जातीचे भुंगेरे परदेशातून आणले आणि ते अन्य पिकांवर जगत नाहीत, याची खात्री करून तलावांत सोडले. जेमतेम पाच मिलिमीटरचा हा करडा भुंगेरा पाने कुरतडतो, त्याची अळी देठ पोखरते, देठात पाणी शिरून झाड खचते. आफ्रिकेतील व्हिक्टोरिया सरोवरात १९९० च्या दशकात याच भुंगेऱ्यांनी मोठी कामगिरी केली. जबलपूरच्या तण संशोधन संचालनालयाने मध्य प्रदेशातील कटनी जिल्ह्यात एका तलावात २०१९ च्या अखेरीस साल्विनिया या दुसऱ्या पाणतणावर त्याचा खास भुंगेरा सोडला. सुमारे दीड वर्षात तलाव मोकळा झाला.

नांदेडच्या नदीत हे कितपत जमेल, याबद्दल मात्र शंका घ्यायला जागा आहे. भुंगेऱ्यांना संख्या वाढवायला दोन-चार वर्षे निवांत मिळावी लागतात. इथे दर पावसाळ्यात पूर जलपर्णीसह त्यांनाही खाली वाहून नेतो आणि दर उन्हाळ्यात यंत्रे त्यांचे घर उचलून नेतात. बारमाही पाणी राहणाऱ्या, पुराचा लोंढा न येणाऱ्या तलावांत ते सोडून पाहायला हरकत नाही. पण मग तेथे जलपर्णीचा एखादा पट्टा मुद्दाम राखून ठेवावा लागेल आणि तो का राखला, हे नागरिकांना समजावून सांगावे लागेल.

गवत्या माशाविषयीही असाच गैरसमज आहे. ग्रास कार्प पाण्याखालचे हायड्रिलासारखे मऊ गवत आवडीने खातो. जलपर्णीला तो सहसा तोंड लावत नाही. चंदेरी म्हणजे सिल्व्हर कार्प तरंगते शेवाळ गाळून खातो, पण पोटातून गेलेले खत पाण्यातच राहते.

पूर जलपर्णी नेतो म्हणजे ती संपवतो असेही नाही. नांदेडहून सुटलेली रोपे आमदुरा, बळेगाव या बंधाऱ्यांकडे सरकतात. धर्माबादजवळच्या बाभळी बंधाऱ्याचे दरवाजे सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या निकालानुसार १ जुलै ते २८ ऑक्टोबर उघडे असतात, तेव्हा काही तेलंगणात जातात. मागे, काठाच्या गवतात, अडकून राहिलेली रोपे दरवाजे बंद होण्याची वाट पाहतात. नोव्हेंबरात ती मोजकी असतात आणि नावेतून दोन माणसांना हाताने उचलता येतात.