पान सुटलं, फूल अडकलं

उत्तर प्रदेशात आणि राजस्थानात सरकारमान्य ठेक्यावर भांग उघड विकली जाते. त्याच झाडाचा वाळलेला शेंडा खिशात सापडला तर तुरुंग. यात पोलिसांची लहर नाही, कायदाच तसा लिहिलेला आहे. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याच्या लेखी कॅनाबिस म्हणजे चरस, गांजा आणि त्यांची मिश्रणे. गांजा म्हणजे फुलोऱ्याचे शेंडे. शेंड्यांविना असलेली पाने आणि बिया त्यातून वगळल्या आहेत. १९६१ च्या आंतरराष्ट्रीय करारातली व्याख्याच यात जवळजवळ तशी उतरली आणि तिच्या आडोशाने भांग वाचली. (महाराष्ट्रात मात्र दारूबंदी कायद्यामुळे तिलाही परवाना लागतो.)

पण नशा झाडाचा अवयव पाहून चढत नाही. ती चढते टीएचसी या द्रव्याने. ते फुलोऱ्यावरच्या राळेत सर्वांत जास्त असते, तरी पानांतही असतेच. नाहीतर भांग प्यायली कुणी असती? याच झाडातले सीबीडी नशा आणत नाही. मुलांमधल्या अपस्माराच्या दोन गंभीर प्रकारांवर सीबीडीपासून बनवलेल्या औषधाला अमेरिकेने २०१८ मध्ये मान्यता दिली. आपल्याकडे मात्र हे सीबीडी पानांतून काढले तर ‘विजया’ या नावाने आयुर्वेदिक औषध म्हणून विकता येते आणि फुलांतून काढले तर गांजाच्या व्याख्येला जाऊन भिडते. रेणू एकच, पण त्याची जात माहेरावरून ठरते. शिक्षेचा हिशेबही तागडीचाच आहे. गांजा एक किलोपर्यंत ‘अल्प’, वीस किलोंपुढे ‘व्यापारी’ आणि त्याला किमान दहा वर्षे. मिश्रण असेल तर त्यातल्या निरुपद्रवी भेसळीचेही वजन धरायचे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये ठरवले. कायद्याने टीएचसीचे प्रमाण मोजावे, झाडाचा भाग पाहू नये, असे माझे म्हणणे आहे ते यासाठी.

यावर पहिला आक्षेप असा की, शेंडा हवालदाराला डोळ्यांनी ओळखता येतो, टीएचसी कसे दिसणार? पण खटला उभा राहतो तो रासायनिक तपासणीच्या अहवालावरच. शिवाय मोजमाप आपल्याला नवे नाही. २०२१ मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने हेम्पच्या, म्हणजे याच झाडाच्या, बिया आणि त्यांचे तेल खाद्य म्हणून मान्य केले, ते टीएचसीची मर्यादा मिलिग्रॅममध्ये घालूनच.

दुसरा आक्षेप जड आहे. अमेरिकेने २०१८ मध्ये नेमकी हीच वाट धरली. सुक्या वजनात ०.३ टक्क्यांपर्यंत डेल्टा-९ या प्रकारचे टीएचसी असलेले झाड शेतमाल ठरले. मग कारखानदारांनी सीबीडीवर प्रक्रिया करून डेल्टा-८ हे डेल्टा-९ चे भावंड बनवले आणि नशेच्या गोळ्या पेट्रोल पंपांवरच्या दुकानांत आल्या. अखेर २०२५ मध्ये तिथल्या संसदेला व्याख्या आवळावी लागली. पण त्यांची चूक मोजण्यात नव्हती, एकच भावंड मोजण्यात होती. आपल्या व्याख्येत टीएचसीचे सगळे प्रकार एकत्र धरावेत आणि मर्यादा टक्क्यांत न देता प्रत्येक बाटलीमागे मिलिग्रॅममध्ये द्यावी.

तोवर ‘विजया’ची बाटली घेणाऱ्यांनी तिच्यावर आयुष परवान्याचा क्रमांक आहे का ते पाहावे, टीएचसीचे प्रमाण विचारावे आणि डॉक्टरांची चिठ्ठी जवळ ठेवावी. दुबईच्या विमानात ती बाटली मुळीच नेऊ नये. तिथे पान आणि फूल दोन्ही गुन्हाच आहेत.