चाक एकदा, चिवचिव चारदा

सकाळी ८.३०
उद्यमनगरातल्या गॅरेजचं शटर वर करेपर्यंत अण्णा जीप घेऊन दारात हजर. "मिस्त्री, गाडीत चिमणी शिरलीया. घरातनं निघालो की बोलतीया, हायवेला लागलो की गप. दोन महिनं झालं." आधी एका गॅरेजात बेल्ट आणि टेन्शनर बदलून झालेत. चिमणी तशीच.

कधी येणारा, कधी न येणारा आवाज घेऊन गिऱ्हाईक आलं, की कुठलाही मिस्त्री मनातून वैतागतो. दाखवायला जावं तर गाडी नेमकी गप्प बसते. पण माझ्या वस्तादांनी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवलीय: आवाज लहरी नसतो, त्याची काहीतरी अट असते. पान्याला हात लावायच्या आधी ती अट शोधायची.

९.००
चहा सांगितला आणि चौकशी सुरू केली.
"उभ्या गाडीला येतो?"
"न्हाई."
"इंजिन थंड असताना का गरम झाल्यावर?"
"दोन्ही येळंला."
"गाडी धुतल्यावर?"
"धुतली की दोन दिवस गप असती बघा."
हे शेवटचं उत्तर वहीत लिहून ठेवलं. पाण्यानं शांत होतोय, म्हणजे कुठंतरी कोरडं घासतंय.

९.४५
असं ऐकलं की पहिला संशय बेल्टवर जातो. आधीच्या मिस्त्रीचाही तसाच गेला असणार. बॉनेट उघडून इंजिन चालू केलं. आमचा बारक्या, म्हणजे आयटीआयचा अप्रेंटिस, त्यानं बेल्टच्या खाचांच्या बाजूला बाटलीनं पाण्याचा फवारा मारला. बेल्ट ढिला असेल तर पाण्यानं त्याचं किंचाळणं वाढतं. पुल्या एका रेषेत नसतील तर चिवचिव थोडा वेळ थांबते आणि पाणी उडालं की परत सुरू होते. इथं फवाऱ्याआधीही आवाज नव्हता, नंतरही नाही.

लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक अल्टरनेटरच्या अंगावर टेकवलं आणि मूठ कानाला लावली. आतून बेअरिंगची नुसती गुणगुण. रेस वाढवली, तरी तेच. गाडी उभी आहे तोवर चिमणी नाही.

११.००
अण्णांना शेजारी बसवून ट्रायलला निघालो. तावडे हॉटेलपाशी हायवेला लागलो, ऐंशीवर नेली. काही नाही. अण्णा ओशाळले, जणू खोटं बोलताना सापडले.

"तुमच्या घराच्या बोळात चला," मी म्हटलं.

बोळात दोन्ही अंगांना घरांच्या भिंती. काचा खाली केल्या, वेग पंधराच्या आसपास. आणि भिंतीवर आपटून आवाज सरळ कानात आला: चिव, चिव, चिव.

क्लच दाबला, आवाज तोच. न्यूट्रल केली. इंजिन आपलं मंद चाललंय, गाडी नुसती सरकतेय, आणि आवाज गाडीबरोबर मंदावत गेला. म्हणजे इंजिन आणि क्लचचं बेअरिंग दोघंही सुटले. पॅड झिजले की खूण करणारी पत्ती डिस्कला घासून चिरचिरते, पण ब्रेकला हलका पाय लावला की तो आवाज बदलतो. हा बदलला नाही. पुढच्या मोकळ्या जागेत डावीकडं-उजवीकडं वळवून चाकांच्या बेअरिंगवर भार टाकून बघितला. काही फरक नाही.

दुपारी १.००
दोन गाड्यांचं ऑइल बदललं, मग डबा उघडला. भाकरी खातानाही त्या आवाजाची चाल डोक्यातनं जाईना. चाक काही एवढ्या भरभर फिरत नव्हतं.

२.३०
मागच्या टायरवर खडूनं रेघ ओढली. सपाट रस्ता, इंजिन बंद, गाडी न्यूट्रलला, स्टिअरिंगवर अण्णा. ढकलायला मी आणि शेजारच्या लेथवरचे दोघं. बारक्या रेघेवर नजर ठेवून मोजायला.

चाकाचा एक फेरा, चार चिवचिव. परत ढकललं. पुन्हा चार.

"चाकाचा आवाज असता तर फेऱ्याला एकदाच आला असता," बारक्या म्हणाला. मग स्वतःच चमकून, "शाफ्ट!"

बरोबर. मागच्या चाकांवर चालणाऱ्या या गाडीत चाक एक फेरा घेतं तेव्हा प्रोपेलर शाफ्टचे चारेक फेरे होतात. क्राउन-पिनियनच्या दातांचा हिशेबच तसा असतो.

३.१५
चाकांना दगड लावले, कारण शाफ्ट उतरवला की गाडी गियरमध्ये टाकूनही थांबत नाही. खड्ड्यात उतरून टॉर्च मारला. शाफ्टच्या मागच्या सांध्यातल्या क्रॉसच्या एका कपाभोवती गंजाची तांबूस भुकटी. ग्रीस निपल उसाच्या रानातल्या चिखलानं बुजलेलं, त्यामुळं गन लावूनही ग्रीस आत गेलंच नसणार.

शाफ्ट सोडायच्या आधी फ्लँजवर रंगाची खूण केली. तो होता तसाच बसला नाही तर चिमणी जाईल आणि थरथर येईल. सर्क्लिप काढून कप ठोकून बाहेर घेतले. तीन कपांत थोडं काळं ग्रीस होतं. चौथ्यात बेअरिंगच्या बारीक सुया गंजून एकमेकींना चिकटलेल्या. फिरायचं सोडून त्या नुसत्या घासत होत्या. नवा क्रॉस बसवला आणि चारी कपांतून ग्रीस डोकवेपर्यंत गन मारली.

५.४५
परत तोच बोळ, तोच वेग, काचा खाली. टायरखाली खडी चुरचुरली, कुणाच्या तरी घरात कुकरची शिट्टी झाली. बाकी शांत. तरी शेवटपर्यंत जाऊन मागं आलो. एकदा न ऐकू येण्यावर मी विश्वास ठेवत नाही.

बिलात क्रॉस, ग्रीस आणि शाफ्ट काढ-घालची मजुरी लिहिली. सकाळपासून कान लावून बसल्याची मजुरी कुठल्या नावानं लिहायची, ते मला अजून जमलेलं नाही.

अण्णा जुना क्रॉस तळहातावर घेऊन निरखत होते. "मिस्त्री, एक सांगा. मग हायवेला कसा येत न्हवता?"

"येत होता की, अण्णा. तिथं भिंत नव्हती."