शालेय धमकीविषयक कायदे, अमेरिकेतील

शाळेत गोळीबार करण्याची, बाँबस्फोट घडवून आणण्याची किंवा विद्यार्थी व शिक्षक यांना ठार मारण्याची धमकी देणे हा अपराध मानून त्यासाठी शिक्षा सांगणारे अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील घटक राज्यांचे कायदे. तेथे फौजदारी कायदे करण्याचा अधिकार मुख्यत्वे राज्यांकडे असल्यामुळे या अपराधाची व्याख्या आणि शिक्षा राज्यागणिक बदलते. संघराज्याच्या कायद्यातही तरतूद आहे. टपाल, दूरध्वनी वा तत्सम साधनाने बाँबची धमकी दिल्यास दहा वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. तथापि शाळेला धमकी देणारा अनेकदा शाळकरी मूलच असतो, आणि अशा मुलांची प्रकरणे बहुधा राज्याच्या बालन्यायालयापुढे येतात.

एका व्यक्तीने दुसरीला धमकी देणे हा अपराध जुना आहे. मात्र धमकी कोणाला दिली, हे त्यात दाखवावे लागे. शाळेच्या भिंतीवर कोणी सामुदायिक हत्येचा इशारा लिहून ठेवला, तर तो कोणा एकाला उद्देशून नसल्याने जुन्या व्याख्येत नीट बसत नसे. ही उणीव भरून काढण्याची निकड मोठ्या हत्याकांडांनंतर भासू लागली. २० एप्रिल १९९९ रोजी कोलोरॅडो राज्यातील कोलंबाइन विद्यालयात दोन विद्यार्थ्यांनी केलेल्या गोळीबारात बारा विद्यार्थी व एक शिक्षक मारले गेले. १४ फेब्रुवारी २०१८ रोजी फ्लॉरिडातील पार्कलंड येथील विद्यालयात सतरा जणांचा बळी गेला. त्यानंतर महिन्याच्या आतच फ्लॉरिडाने शालेय सुरक्षिततेचा विस्तृत अधिनियम केला आणि लेखी धमकीच्या जुन्या कलमात सामुदायिक गोळीबाराच्या धमकीचा समावेश केला. हा द्वितीय श्रेणीचा गंभीर अपराध असून त्यास पंधरा वर्षांपर्यंत कारावास सांगितला आहे. पुढे २०२१ मध्ये, धमकी विशिष्ट व्यक्तीला पाठविलेली नसली, तरी ती इतरांना पाहता येईल अशा रीतीने प्रसृत करणे पुरेसे ठरविण्यात आले.

मिशिगनच्या २०१८ च्या अधिनियमाची रचना अधिक विचारपूर्वक केलेली दिसते. त्यात शाळेतील व्यक्तींविरुद्ध शस्त्र वा स्फोटके वापरण्याची नुसती धमकी हा लघु अपराध असून त्यास एक वर्षापर्यंत कारावास आहे. धमकी अंमलात आणण्याचा उद्देश किंवा त्या दिशेने केलेली प्रत्यक्ष कृती सिद्ध झाली, तरच तो गंभीर अपराध होऊन शिक्षा दहा वर्षांपर्यंत वाढते. टेनेसी राज्य याच्या उलट दिशेने गेले. तेथे मार्च २०२३ मध्ये नॅशव्हिल येथील शाळेत तीन मुले व तीन प्रौढ मारले गेल्यावर, अशी धमकी देणाऱ्या विद्यार्थ्याला किमान एक वर्ष शाळेतून काढून टाकण्याची तरतूद झाली. आणि पूर्वी लघु मानलेला हा अपराध १ जुलै २०२४ पासून गंभीर वर्गात गेला.

कायद्यात लिहिलेल्या वर्षांवरून मात्र या शिक्षांची खरी कल्पना येत नाही. बालन्यायालयात मुलाला सामान्यतः ती वर्षे भोगावी लागत नाहीत. त्याच्या वाट्याला येते ती अटक, काही दिवसांची वा महिन्यांची स्थानबद्धता आणि शाळेतून हकालपट्टी. फ्लॉरिडातील व्होलूशिया काउंटीच्या शेरीफने तर सप्टेंबर २०२४ मध्ये धमकीच्या आरोपावरून पकडलेल्या अकरा वर्षांच्या मुलाचे चित्रण जाहीर केले. न्यायालयात काहीही सिद्ध होण्यापूर्वीची ही बदनामी कोणत्याही कलमात सांगितलेली शिक्षा नव्हे.

या कायद्यांना संविधानाच्या पहिल्या दुरुस्तीतील भाषणस्वातंत्र्याची मर्यादा आहे. ‘वॉट्स’ खटल्यात १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खरी धमकी आणि आवेशातील अतिशयोक्ती यांत भेद केला. शाळेच्या संदर्भात कॅलिफोर्नियातील एक प्रकरण उद्‌बोधक आहे. पंधरा वर्षांच्या एका विद्यार्थ्याने शाळेत बंदुका आणण्याचा उल्लेख असलेली स्वतःची कविता दोन वर्गभगिनींना वाचायला दिली, तेव्हा त्याच्यावर फौजदारी धमकीचा आरोप सिद्ध धरण्यात आला. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये हा निर्णय फिरविला. कवितेचा अर्थ संदिग्ध असून ती निःसंदिग्ध धमकी ठरत नाही, असे न्यायालयाने म्हटले. ‘काउंटरमन’ खटल्यात (२०२३) देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने आणखी एक अट घातली. आपले शब्द हिंसेची धमकी वाटण्याचा मोठा संभव आहे, हे जाणूनही आरोपीने बेपर्वाई केली, एवढे तरी सिद्ध व्हावे लागते. बारा-तेरा वर्षांच्या मुलाने वर्गात केलेल्या अघोरी थट्टेच्या बाबतीत ही जाणीव सिद्ध करणे सोपे नाही.

यापेक्षा अवघड प्रश्न उपयुक्ततेचा आहे. संघराज्याच्या गुप्त सेवा विभागाने शिक्षण खात्याच्या सहकार्याने १९७४ ते २००० या काळातील सदतीस शालेय हल्ल्यांचा अभ्यास करून २००२ मध्ये अहवाल प्रसिद्ध केला. त्यानुसार हल्लेखोरांपैकी सुमारे सतरा टक्क्यांनीच आपल्या लक्ष्याला आधी थेट धमकी दिली होती. उलट सुमारे एक्क्याऐंशी टक्के घटनांत हल्ल्याचा बेत दुसऱ्या कोणाला तरी, बहुधा सोबत्याला, ठाऊक होता. म्हणजे धमकी देणारा आणि खरोखर धोकादायक असणारा या दोन वेगळ्या व्यक्ती असू शकतात. कायदा पहिलीला शिक्षा करतो. दुसरीचा पत्ता वर्गातल्या मित्राला असतो, आणि सांगितल्यास सोबती तुरुंगात जाईल अशी भीती वाटल्यास तो मित्र गप्प बसण्याचा संभव असतो. यामुळे व्हर्जिनिया राज्याने २०१३ मध्ये सर्व सार्वजनिक शाळांत धोका-मूल्यमापन पथके बंधनकारक केली. मुख्याध्यापक, समुपदेशक, पोलीस यांसारख्यांच्या अशा पथकाने धमकी क्षणिक रागातली आहे की तिच्यामागे तयारी आहे, हे आधी तपासावयाचे असते. त्याच राज्यात शाळेसंबंधी जीवघेणी लेखी धमकी हा गंभीर अपराधही आहे. पथकामुळे ते कलम रद्द झालेले नाही.

भारतीय दंड संहितेत या विषयावर शाळांपुरते वेगळे कलम नव्हते. गुन्हेगारी धाकदपटशाची सामान्य कलमे लावली जात. १ जुलै २०२४ पासून अंमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५१ मध्ये निनावी धमकीसाठी दोन वर्षांपर्यंत अतिरिक्त कारावास सांगितला आहे. त्याच वर्षी १ मे रोजी दिल्ली व परिसरातील शंभराहून अधिक शाळांना बाँबच्या धमकीची ई-पत्रे आली, शाळा रिकाम्या करण्यात आल्या आणि शोधात काहीही सापडले नाही.